चव जिभेची की नाकाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरगावच्या कोणी विदुषी येऊन आपल्याला चार गोष्टी सांगतात. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यातल्याच दोघीतिघींनी, जिला जे अनुभवाने कळले असेल, ते बोलावे. माझे शिक्षण सातवी यत्तेपर्यंतचे. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण पंचवीस वर्षे स्वयंपाकघर माझ्या हाती आहे आणि २०१९ सालापासून घरात कंपवाताचे दुखणे आहे. या दोन गोष्टींची जिथे गाठ पडते, तेवढ्यापुरते मी बोलणार आहे. माझा विषय आहे म्हाताऱ्या माणसांची, विशेषतः कंपवात झालेल्यांची, तोंडाची गेलेली चव.

तुम्ही म्हणाल, यात भाषण करण्यासारखे काय आहे? पण "आमटीला चव नाही" हे वाक्य जिथे कधीच ऐकू आले नाही, असे घर मला दाखवा. या एका वाक्यावरून किती घरांत अबोला धरला गेला असेल! सुनेला वाटते, माझ्या हाताला नावे ठेवतात. सासूला वाटते, ही मुद्दाम अळणी करते. मधल्यामधे घरातला पुरुष मुकाट्याने जेवून उठतो. आणि खरे कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही, कारण ते ना सुनेच्या हातात असते, ना सासूच्या स्वभावात. ते नाकात असते.

माझ्या सासूबाई, ज्यांना सारी आळी माई म्हणते, आज समोरच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी त्यांची गोष्ट सांगते आहे. माईंचा गोडा मसाला तुमच्यापैकी पुष्कळजणींनी नेला आहे. मी नवी सून असताना मसाला भाजायला बसले की माई ओटीवरून सांगत, "अगं, दगडफूल उतरव आता," किंवा "खोबरे पुढे गेले बघ." त्या आत येऊन कधी पाहत नसत. त्यांचे नाकच पाहत असे. पुरण शिजत असताना वासावरून त्या सांगत की डाळ अजून एक उकळी मागते आहे.

२०१५ च्या सुमाराला माईंनी प्रथम म्हटले, "हल्ली भाजीत काही राम नाही." मी मीठ वाढवले, फोडणी वाढवली. घरातल्या इतरांना ते तिखटमीठ जास्त होऊ लागले, तरी माईंचे म्हणणे तेच. मला वाईट वाटे, त्यांनाही वाटे. पुढे पुढे त्यांनी बोलणेच सोडले आणि पानातले निम्मे ठेवून उठू लागल्या. एकदा त्या ओट्याशी उभ्या होत्या आणि शेजारच्या शेगडीवर दूध करपून धूर निघाला, तरी त्यांना पत्ता लागला नाही. ज्या बाईला दगडफुलाचा वास ओटीवर कळत होता, तिला हातभर अंतरावरचे करपलेले दूध कळले नाही! आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "वयोमानाने असे होते," आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर चार वर्षांनी माईंचा उजवा हात कापू लागला आणि आम्ही पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्या डॉक्टरांनी हात पाहिला, चालून दाखवायला सांगितले, आणि मग विचारले, "आजी, वास येतो का?" माई म्हणाल्या, "वासाचे काही नाही, तोंडाला चव नाही." डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून नाकाशी कॉफीची पूड धरली. माईंना काही सांगता आले नाही. मग लवंग धरली. तीही कळली नाही. नंतर जिभेवर साखरेचे पाणी, मिठाचे पाणी आणि लिंबाचा थेंब असे एकेक ठेवले. तिन्ही माईंनी बिनचूक सांगितली. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमची जीभ शाबूत आहे. नाक संपावर गेले आहे." हे ऐकून माई हसल्या नाहीत, पण त्यांनी माझा हात धरला. घरी येईपर्यंत तो सोडला नाही.

आता हे कसे, ते मला समजले तसे सांगते. मघाशी सगळ्यांना कागदात गुळाचा खडा आणि चार दाणे जिरे दिले आहेत. नाक बोटांनी घट्ट दाबा आणि ते तोंडात टाकून चावा. काय कळते? गोड कळते. जिरे म्हणजे नुसती काडी चावल्यासारखे लागते. आता नाक सोडा. आले ना जिरे एकदम? ते जिभेवर मघापासूनच होते. पण घास चावताना त्याचा सुवास घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो, तेव्हाच आपल्याला जिरे म्हणून कळते. सर्दीत जेवण फिके लागते ते याचसाठी. २०२० साली करोनाच्या साथीत कितीजणींना दोनदोन आठवडे काहीच चव लागत नव्हती, आठवा. ते पुष्कळदा नाकच होते. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा वाटा वासाचा असतो.

जिभेला स्वतःचे असे थोडेच कळते. शास्त्रज्ञ गोड, आंबट, खारट, कडू या चार चवी मानतात, आणि डाळीच्या किंवा सुक्या मासळीच्या दाट रसाला जी एक भरीव चव असते, ती पाचवी. आपल्याकडे जुन्या काळापासून सहा रस सांगतात, त्यांत तिखट आणि तुरट हेही येतात. पण तिखट म्हणजे खरे पाहता दाह. गरम-थंड आणि टोचणे ज्या शिरांनी कळते, त्याच शिरांनी मिरचीही कळते. तुरटाचेही पुष्कळसे असेच, जीभ ओढल्यासारखी होते. तात्पर्य, नाक गेले तरी आपले सहाही रस बहुतेक शिल्लक राहतात. जातो तो सुगंध. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण स्वयंपाकाचा सारा इलाज यातच आहे.

कंपवाताला इंग्रजीत पार्किन्सनचा आजार म्हणतात. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली सहा रुग्णांची हकिगत लिहून एक लहान पुस्तक छापले, त्यावरून हे नाव पडले. त्यांनी हाताचा कंप, पुढे वाकून चालणे, बद्धकोष्ठ, सारे टिपले. पण या आजारात ज्ञानेंद्रिये आणि बुद्धी शाबूत राहतात, असेही लिहून ठेवले. एवढ्या बारीक नजरेच्या माणसाला नाकाचे कळले नाही, यात नवल नाही. रुग्णालाच ते कळत नाही. डोळा अधू झाला तर माणूस ठेचाळतो, कान गेला तर दुसऱ्याला विचारतो, पण वास गेला की तो म्हणतो, "आमटीला चव नाही." डॉक्टरांचे या गोष्टीकडे लक्ष जायला १९७५ साल उजाडावे लागले.

आज असे मानतात की कंपवाताच्या दहा रुग्णांत सात ते नऊ जणांचा वास कमी झालेला किंवा गेलेला असतो. खुद्द जिभेची चव जाणारे त्यापेक्षा पुष्कळ कमी. हात कापतो तो मेंदूतल्या डोपामिन नावाचा रस करणाऱ्या पेशी मरतात म्हणून. पण हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासून २००३ साली असे मांडले की आजाराची सुरुवात बहुधा तिथे होतच नाही. नाकाचा निरोप जिथे पोचतो तो मेंदूचा भाग आणि पोटाशी जोडलेल्या शिरेचे मूळ, इथे तो आधी येतो. म्हणूनच पुष्कळांचा वास हात कापण्याच्या कितीतरी वर्षे आधी जातो. माईंचे तसेच झाले.

मात्र भगिनींनो, उद्या घरी जाऊन कोणाला घाबरवू नका. वास कमी झाला म्हणजे कंपवातच, असे मुळीच नाही. सत्तरीनंतर पुष्कळांचा वास आपोआप मंदावतो. जुनी सर्दी, नाकात वाढलेले मांस, तपकीर, करोना, विस्मरणाचा आजार, अशी इतरही कारणे असतात. पण वास गेला आहे, वर्षानुवर्षे पोट साफ होत नाही, झोपेत माणूस ओरडतो, हातपाय झाडतो, अक्षर बारीक होत चालले आहे, चालताना एकच हात हलत नाही, अशा दोनतीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर मात्र "वय झाले" म्हणून गप्प बसू नये. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या नाकालाही कमी समजू नका. स्कॉटलंडमध्ये जॉय मिल्न नावाच्या एक परिचारिका आहेत. नवऱ्याच्या अंगाला एक वेगळाच वास येऊ लागल्याचे त्यांना कळले. पुढे दहाबारा वर्षांनी त्याला कंपवात झाल्याचे निघाले. रुग्णांच्या मेळाव्यात गेल्या, तर तिथे सगळ्यांना तोच वास! एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी माणसांचे अंगातले सदरे त्यांना हुंगायला दिले. त्यांनी सहाही रुग्ण ओळखले. फक्त एका निरोग्यालाही त्यांनी रुग्ण म्हटले. आठ महिन्यांनी त्या माणसालाही कंपवात निघाला. त्वचेच्या तेलकटपणावरून आजार ओळखण्याचे प्रयत्न आता मँचेस्टरला चालले आहेत, ते या बाईंच्या नाकामुळे.

असो. आता स्वयंपाकघरात येऊ.

डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले की कंपवाताच्या गोळ्यांनी हातापायांची हालचाल सुधारते, पण वास परत येत नाही. त्या वेळी माईंचे वजन अठ्ठावन्न किलोवरून सत्तेचाळीसवर आले होते. अंगावरची चोळी लोंबत होती. तेव्हा नाक गेले ते गेले, जे शिल्लक आहे त्याच्यासाठी रांधायचे, असे मी आणि माईंनी मिळून ठरवले.

पहिली गोष्ट, आंबट. लिंबू, आमसूल, चिंच, ताक यांची जिभेला थेट ओळख पटते, आणि त्याने तोंडाला पाणी सुटते. तोंड कोरडे असेल तर चव जिभेपर्यंत पोचतच नाही. या आजारातल्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते, ते डॉक्टरांना सांगावे. जेवणाआधी चूळ भरून जीभ आणि कवळी स्वच्छ करून द्यावी.

दुसरी गोष्ट, झणका. काकडीच्या कोशिंबिरीत मोहरी फेसून घातली की तिचा झणका नाकात जातो, तो वास गेलेल्यालाही कळतो, कारण तो टोचणाऱ्या शिरांचा आहे. आले, मिरी आणि पुदिन्याचा गारवा यांचेही तसेच. माईंनी मोहरीची कोशिंबीर पहिल्यांदा खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "आत्ता कुठे काहीतरी जेवले!"

तिसरी गोष्ट, पान वाढण्याची. आपल्या आयाआज्या मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर अशी डावी बाजू वाढत. सगळे एकत्र कालवून दिले की वास नसलेल्याला पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एकच लागते. डावी बाजू भरलेली असली की घासागणिक पालट होतो. आंबट, मग तिखट, मग गोड. गरम ते गरम आणि गार ते गार वाढावे. कोमट अन्न सर्वांत बेचव. आणि वाढताना नाव सांगावे: "माई, ही मेथी, आज लसूण जास्त घातली आहे." नाव ऐकले की जुनी आठवण जागी होते आणि घास बरा जातो.

चौथी गोष्ट, मीठ. बेचव लागले की माणूस मिठाकडे हात नेतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाचा एक लहान चमचाभर मिठापेक्षा, कमी खा म्हणते, तेही भाजी, आमटी, लोणचे, पापड सारे धरून. उलट कंपवाताच्या काही रुग्णांचे रक्तदाब उभे राहताना एकदम उतरतो, त्यांना डॉक्टर थोडे मीठ वाढवायला सांगतात. म्हणून आपल्या मनाने वाढवूही नये आणि तोडूही नये. विचारावे. साखरेचेही तेच. या रुग्णांना गोडाची ओढ लागते. मधुमेह नसेल तर थोडे द्यावे.

पाचवी गोष्ट, गोळीची वेळ. लेवोडोपा नावाची जी मुख्य गोळी असते, तिचे आणि डाळ, दूध, अंडे यांतल्या प्रथिनांचे एका वेळी पटत नाही. म्हणून ती साधारण अर्धा तास जेवणाआधी देतात. म्हणून डाळ-दूध बंद करायचे नसते, फक्त वेळ सांभाळायची असते. खाजकुहिलीच्या बियांचे चूर्ण कंपवातावर विकतात. त्या बियांत हेच लेवोडोपा असते. दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी १९३७ साली ते वेगळे काढून दाखवले होते. पण म्हणूनच सावध राहावे. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतले तर मात्रा किती झाली ते कोण मोजणार? डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सहावी गोष्ट, गिळणे. कुरकुरीत पदार्थ जिभेला मौज देतात, पण या आजारात घास अडकण्याची भीती असते. ताठ बसवून, लहान घास, बोलणे बंद. पातळ पाणी पिताना ठसका लागू लागला किंवा जेवताना आवाज घोगरा होऊ लागला, तर डॉक्टरांना सांगावे. भूक कमी म्हणून आम्ही दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान खाणी करतो. त्यांत तूप, साय, दाण्याचे कूट घालते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन करते आणि दिनदर्शिकेवर लिहिते. आज ते बावन्न आहे.

सातवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती चवीची नाही, जिवाची आहे. आपल्या शेगडीच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचे द्रव्य मिसळतात. ज्याचे नाक गेले, त्याला ती सूचना मिळतच नाही. म्हातारे माणूस घरी एकटे राहत असेल तर रात्री रेग्युलेटर बंद, नळीची वेळेवर तपासणी, आणि जमल्यास गळती झाल्यावर वाजणारी घंटा बसवावी. विरजलेले दूध, आंबलेली आमटी त्यांना वासाने कळत नाही. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर वार लिहून ठेवावा.

आमच्याकडे अजून एक उपाय चालू आहे. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी अशा चार बाटल्या माई सकाळसंध्याकाळ हुंगतात आणि ज्याचा त्याचा वास आठवण्याचा प्रयत्न करतात. करोनानंतर हा अभ्यास पुष्कळांनी केला. कंपवाताच्या रुग्णांवरच्या लहान प्रयोगांत त्याने थोडी सुधारणा दिसली आहे. माईंना लवंग आता अधूनमधून ओळखू येते. जास्त आशा ठेवू नये, पण खर्च काही नाही.

आता शेवटचे. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू आखडतात. माणूस मनातून खूश असला तरी चेहऱ्यावर हसू उमटत नाही. वास गेलेला आणि चेहरा मुखवट्यासारखा, असे माणूस समोर जेवायला बसले की रांधणारीला वाटते, याला माझे काहीच आवडत नाही. बायांनो, तोंडाकडे पाहू नका, पानाकडे पाहा. पान रिकामे झाले म्हणजे दाद मिळाली. आणि त्यांच्या हातचा डाव काढून घेऊ नका. आमच्याकडे मसाला अजून माईच भाजतात. भाजणे मी सांभाळते, पण रंग पाहून "उतरव आता" हे त्या सांगतात. नाकाचे काम त्यांनी डोळ्यांवर सोपवले आहे. मसाला पूर्वीसारखाच होतो, हे तुम्हीच सांगता.

मंडळाला माझी एक विनंती आहे. संक्रांतीच्या तिळगूळ समारंभाला आपण लहानथोर, सुवासिनी आणि विधवा, साऱ्यांनाच बोलावतो आणि प्रत्येकीच्या हाताला अत्तर लावतो. यंदा अत्तर लावताना ज्येष्ठ भगिनींना एवढेच विचारावे, "वास आला ना?" जी म्हणेल "नाही", तिचे नाव एका वहीत टिपावे आणि आपल्यापैकी एकीने तिच्या घरी जाऊन चौकशी करावी. जेवण जाते का, वजन उतरले का, गॅस कोण पाहते. जिच्या घरी कंपवात असेल तिला पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाची माहिती द्यावी. तिथे रुग्ण आणि घरची माणसे एकमेकांना भेटतात, धीर देतात. एका अत्तराच्या बोटाने एवढे काम होणार असेल, तर ते आपण करावे.